एक मीटर चाळीस

१

माझं काम काय ते सांगायला गेलं की समोरच्याला जांभई येते, म्हणून मी सहसा सांगत नाही. वारिंगल शायरच्या, म्हणजे आमच्या तालुका पंचायतीच्या, कचेरीत, मागच्या खोलीत बसून मी नकाशातले बारके तुकडे झाडून काढते. संगणकाच्या नकाशात रस्ता सलग नसतो, तुकडे जोडून केलेला असतो. कुणीतरी घाईत रेघ ओढतं, टोकं जुळत नाहीत आणि मध्ये हातभर, वीतभर तुकडा राहून जातो. डोळ्याला तो दिसत नाही, पण गाडीला वाट दाखवणारं यंत्र तिथे अडखळतं आणि शेजारच्या शेतात जायला तुम्हाला चाळीस किलोमीटर फिरवून आणतं. उपाय सोपा असतो. दोन मीटरपेक्षा लहान तुकडा दिसला की त्याची दोन्ही टोकं एकमेकांवर आणायची आणि एकच बिंदू करून टाकायचा. सतरा वर्षं मी हेच करतेय, आणि ते मला चांगलं जमतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, ऐन कापणीत, आर्थर नोस्के गेला. त्याच्या छातीत कळ आली तसा त्याच्या बायकोने, एल्सीने, फोन केला होता. आमच्याकडे ॲम्ब्युलन्सचं काम गावातलीच माणसं हौसेने करतात. त्यातला एकजण जीप घेऊन आधी धावतो. त्या जीपला पहिली गाडी म्हणतात. त्या दिवशी पहिली गाडी माझ्या भावाकडे, क्लेमकडे होती. पोल्नर कॉर्नरवरून सरळ गेलं तर नोस्क्यांचं घर बावीस किलोमीटर. जीपमधल्या वाट दाखवणाऱ्या स्क्रीनने त्याला उत्तरेकडून फिरवलं, एकोणीस किलोमीटर जास्त. कापणीत धान्याच्या ट्रकांसाठी कुठले रस्ते बंद आहेत ते स्क्रीनलाच आधी कळतं, म्हणून क्लेमने निमूट ऐकलं. तो पोचला तेव्हा एल्सी अंगणात नुसती उभी होती. आता घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं.

पबमध्ये कुणीतरी विचारलं, "काय क्लेम, इथे सरळ आलास की फिरून?" सगळे हसले. क्लेमही हसला आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून घरी आला.

"मी गाडीची किल्ली परत करतो, नेरी," तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला. समोर मटणाची बशी तशीच गार होत होती.

"खा आधी."

"एल्सी माझ्याशी किती चांगलं वागली माहितीये? मला चहा विचारला तिने. आर्थर आत पडलेला, आणि मला म्हणते साखर किती."

क्लेम माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर त्याच्या शाळेच्या डब्यापासून पहिल्या दाढीपर्यंत सगळं मी पाहिलं. मला दुसरं कुणी नाही, आणि मी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. त्याच्यावर लागलेला हा डाग मला पुसायचा होता.

२

तुकडा सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पोल्नर कॉर्नर चौकासारखा दिसतो, पण तो नीट चौक नाही. अलीकडचा रस्ता आणि पलीकडचा रस्ता अगदी समोरासमोर येत नाहीत, किंचित चुकतात. फार पूर्वी दोन मोजणीदार दोन बाजूंनी साखळ्या टाकत आले आणि इथे त्यांचा मेळ बसला नाही. मध्ये एक मीटर चाळीस सेंटिमीटर उरले. नकाशात ते तेवढेच काढलेले होते, स्वच्छ, दोन टोकांचा एक तुकडा.

त्यावर कुठलीही मनाई चिकटलेली नव्हती. वेगाचा आकडाही ठीक होता. चुकीचा होता तो तुकडा ओलांडायला लागणारा वेळ. हा वेळ यंत्र स्वतःच शिकतं. शायरच्या प्रत्येक गाडीत एक डबी असते, ती दर सेकंदाला गाडी कुठे आहे ते नोंदवते आणि यंत्र त्याची सरासरी काढतं. एक मीटर चाळीससाठी सरासरी होती अकरा मिनिटं.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. मग स्वतःला समजावलं. उपग्रहाची खूण कधी कधी हरवते. एखाद्या डबीचं घड्याळ बिघडतं. म्हणून मी एकेका गाडीच्या नोंदी उघडल्या. शाळेची बस, कचऱ्याची गाडी, रस्ता सपाट करणारा ग्रेडर. तीन वर्षांत जी जी गाडी तिथून गेली ती तिथे अकरा मिनिटं होती. उत्तरेकडचा फेरा मी बोटांवर मोजला, साडेदहा मिनिटं जास्त. म्हणजे यंत्राचा हिशेब चोख होता. क्लेम सरळ गेला असता तरी अर्धं मिनिट उशिराच पोचला असता.

बेव्हला फोन लावला. बेव्ह सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवते आणि मधल्या वेळात क्लेमबरोबर ॲम्ब्युलन्सवर असते. साठी उलटली तरी तोंड आवरत नाही.

"बेव्ह, पोल्नर कॉर्नरला तू थांबतेस का गं?"

"तिथे कशाला मरायला थांबू? आडोशाला एक झाड नाही."

"मग तुझी बस तिथे रोज अकरा मिनिटं काय करते?"

"तो रस्ता लांबच आहे, नेरी. पलीकडे जायचं असलं की सगळेच दहा मिनिटं आधी निघतात."

"का पण?"

"का म्हणजे? लांब आहे म्हणून. माझी आईसुद्धा निघायची."

मी नकाशावर तो रस्ता परत मोजला. तो अजिबात लांब नव्हता.

३

डबी आणखीही गोष्टी नोंदवते. दार कधी उघडलं, सीटचा पट्टा कधी लागला, कधी सुटला. ह्या नोंदी विम्यासाठी असतात, त्या कुणी वाचत नाही. मी वाचल्या.

गाडी तुकड्याच्या एका टोकाशी येते. पुढचं डावं दार उघडतं आणि बंद होतं. डावा पट्टा लागतो. मग अकरा मिनिटं काही नाही. मग पट्टा सुटतो, दार उघडतं, बंद होतं आणि गाडी पुढे निघते. डावी जागा भरलेली असेल तर हेच मागच्या जागेबाबत. ग्रेडरमध्ये दुसरी जागाच नाही. ग्रेडरचं दार नुसतं उघडून बंद झालं होतं. जागा नाही असं बघून कुणी मागे सरावं तसं. तरी तिथे ग्रेडर अकरा मिनिटं थांबला होताच.

माझ्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. बाहेर काउंटरवर कुणीतरी कुत्र्याच्या परवान्यावरून हुज्जत घालत होतं. मी तारांचा दोष असेल असं एका कागदावर लिहिलं. त्याखाली लिहिलं की ह्या गाड्या चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. मग कागद चुरगाळून टाकला. मी घाबरट बाई नाही. साप निघाला की शेजारी मला बोलावतात.

आणि तरी त्या दुपारी मी खोलीचं दार उघडंच ठेवून काम केलं.

४

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता मी तिथे गेले. गहू कापून झाला होता, चारी बाजूंना पिवळे खुंट, वर स्वच्छ आकाश. तारेच्या कुंपणावर दोन गुलाबी काकाकुवे बसलेले. मी उतरून फीत लावली. एक मीटर चाळीस. पांढरी खडी, चाकांच्या खुणा, एक चेपलेला डबा. मी तेवढ्या जागेत उभी राहिले, एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे. काहीही झालं नाही. चालणाऱ्या माणसाचं तिथे काही काम नसावं.

गाडीत येऊन बसले. डाव्या सीटवर कागदांचं खोकं होतं. थर्मासमधून कपात चहा ओतला, ओठ भाजेल इतका गरम, आणि कप होल्डरमध्ये ठेवला. घड्याळात पाहिलं, बारा वाजून सात मिनिटं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हळूहळू कॉर्नर ओलांडला आणि पलीकडे थांबवली. मोजून तीन सेकंद लागले असतील. काकाकुवे मात्र कुंपणावर नव्हते.

बारा वाजून अठरा मिनिटं. चहा कोमट झाला होता.

डावी सीट रिकामी होती. खोकं मागच्या सीटवर ठेवलेलं होतं, सरळ, आणि घसरू नये म्हणून त्याला पट्टा लावलेला. कागद सगळे जागच्या जागी होते.

मला खुपला तो हा नेटकेपणा. एखादं चावरं जनावर असतं तर मला परवडलं असतं. हा कुणीतरी रोज प्रवास करणारा होता. त्याला एवढंच जायचं होतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दुसऱ्याच्या वस्तू तो जपून बाजूला ठेवत होता.

५

मी तो तुकडा पुसला. मोठ्या कारणांची जंत्री देता येईल, की कॉर्नरपलीकडे अकरा घरं आहेत, की क्लेम किल्ली परत करायला निघालाय. ती कारणं खोटी नव्हती. पण मला भीती वाटली म्हणून मी पुसला. सतरा वर्षं नकाशात डोकं घालून बसलं की माणसाला वाटायला लागतं, जे रेघेत नाही ते कुठेच नाही. दोन्ही टोकं एकमेकांवर आणली, बिंदू केला आणि नवा नकाशा गाड्यांना पाठवून दिला.

गुरुवारी सकाळी दहाला झर्बींच्या मुलीला मधमाशी चावली. सात वर्षांची पोर, घसा सुजून श्वास बंद व्हायला आलेला. झर्बींचं घर कॉर्नरच्या पलीकडे. पहिली गाडी क्लेमकडे होती, एकटाच होता. मी स्क्रीनवर त्याचा ठिपका पाहत उभी राहिले. ठिपका कॉर्नरला आला आणि थांबला नाही. एक सेकंदही नाही. सरळ निघून गेला.

वीस मिनिटांनी रेडिओ खरखरला. "नेरी, सुई टोचली. रडतेय बघ, भोंग्यासारखी रडतेय!" क्लेमचा आवाज फाटला होता. मी कचेरीतल्या सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग डोळे पुसून, नुसत्या सवयीने, मी नोंद उघडली. कॉर्नरला पुढचं डावं दार उघडलेलं, बंद झालेलं. डावा पट्टा लागलेला. त्यापुढे पट्टा सुटल्याची नोंद शोधली. झर्बींच्या अंगणात नव्हती. परतीच्या रस्त्यावर नव्हती. गाडी आता ॲम्ब्युलन्सच्या ठाण्यावर उभी होती, इंजिन बंद, आणि डावा पट्टा लागलेलाच होता.

त्याला उतरायचं होतं ते दुसरं टोक मी पुसून टाकलं होतं.

६

जेवणाच्या सुट्टीत क्लेम माझ्या खोलीत आला. हातात बेकरीची पिशवी. आत येताना त्याने दार पाठीमागे धरून ठेवलं, जरा जास्तच वेळ, आणि मग सोडलं.

"मीट-पाय आणल्यात, खिमा भरलेल्या. भूक लागलीय मला मरणाची."

पिशवीत तीन होत्या.

"तिसरी कुणाला रे?"

त्याने पिशवीत डोकावलं. "तीन सांगितल्या वाटतं मी. खाईन की दोन." पण खाल्ली एकच. खिडकीजवळच्या ज्या खुर्चीत तो नेहमी पसरतो तिच्यात तो बसला नाही, टेबलाच्या कडेवर टेकला. तिसरी मीट-पाय कागदासकट त्या खुर्चीसमोर सरकवली आणि बोलत राहिला, झर्बींच्या पोरीबद्दल, तिच्या बापाने मारलेल्या मिठीबद्दल. किती दिवसांनी तो असा मोकळा बोलत होता. मध्येच वाक्य तोडायचा, खुर्चीकडे बघायचा, जणू कुणी काही विचारलंय, आणि मान हलवून पुढे चालू.

"क्लेम, तू कुणाकडे बघतोयस?"

"कुठे? कुणाकडे?" तो खरंच गोंधळला. मग हसला. "तू झोप काढ जरा, नेरी. चेहरा बघ कसा झालाय."

तो जायला निघाला. दाराशी थांबून बाजूला सरकला, वाट दिली, मग स्वतः गेला. मी खुर्चीजवळ जायचं धाडस केलं नाही. तिसऱ्या मीट-पायचा कागद उलगडलेला होता. तो कधी उलगडला ते मी पाहिलं नव्हतं.

७

मी तुकडा नकाशात परत आखला. एक मीटर चाळीस, दोन टोकं, एक सेंटिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. हे करताना झर्बींची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. पलीकडची अकरा घरं पुन्हा अकरा मिनिटं लांब जाणार होती, आणि मला ते कळत होतं. पण भाऊ माझा होता.

आता ती गाडी तिथून एकदा न्यायची होती, म्हणजे ज्याला उतरायचं तो उतरेल. क्लेमला एकट्याला पाठवायची माझी छाती नव्हती. मी बेव्हला फोन केला.

"दुपारी पहिली गाडी घेऊन पोल्नर कॉर्नरवरून एक फेरी मारून ये. तू चालव. क्लेमला शेजारी बसव, त्याला एकटा सोडू नकोस."

"त्याला काय धाड भरलीय?"

"बेव्ह, एकदा तरी न विचारता ऐक."

"बरं बाई. नकाशावाल्यांचं डोकं नकाशावालेच जाणोत."

अडीच वाजता ठिपका निघाला. मी खोलीचं दार लावून घेतलं. ठिपका कॉर्नरला पोचला आणि थांबला. मी घड्याळ पाहत बसले. पाच मिनिटं. आठ. अकरा.

पुढचा डावा पट्टा सुटला. पुढचं डावं दार उघडलं. बंद झालं. ठिपका पुढे निघाला.

मी खुर्चीत मागे टेकले आणि चक्क मोठ्याने हसले. उतरला तो. उठून किटली लावली, बिस्किटं काढली, दोन कप घेतले. इतके दिवस मी ह्याच दाराची, ह्याच पट्ट्याची नोंद वाचत आले होते. आज त्या जागेवर कोण बसलं होतं हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. पाणी उकळलं, कपात ओतलं, आणि मग माझा हात थांबला. मी स्क्रीनपाशी परत आले. एक ओळ खाली मागच्या पट्ट्याची नोंद होती. तोही सुटला होता. त्याच मिनिटाला.

पहिली गाडी आवारात शिरली तेव्हा मी धावत बाहेर गेले. बेव्ह एकटीच होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"क्लेम कुठाय?"

"उतरला," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, अगदी साधा. "कॉर्नरला."

"तू थांबवलीस गाडी? त्याला उतरू दिलंस?"

"मी नाही थांबवली." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. "कॉर्नर दिसायला लागला, तसा म्हणाला, बरं झालं, नेरीने परत उतरायला जागा करून दिली. मागे वळून कुणाला तरी सांगत होता, नेरी. आणि मग मी इथे होते, फाटकापाशी."

८

पोलीस आले, कुत्री आली, कापलेल्या शेतात ससा लपणार नाही तिथे चाळीस माणसं हातात हात घालून चालली. मी पोलिसांना नोंदी दाखवल्या. त्यांनी डब्या तपासायला पाठवल्या. डब्यांत दोष नव्हता. बेव्हने बस सोडली आणि मुलीकडे राहायला गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

दर महिन्याला मोठ्या कचेरीचं यंत्र आमचा नकाशा तपासतं आणि चुकांची यादी पाठवतं. पोल्नर कॉर्नरचा तुकडा त्यात असतोच. आखूड, निरुपयोगी, काढून टाका. मी त्यापुढे 'राहू द्या' अशी खूण करते. पलीकडच्या लोकांनी दोनदा अर्ज केला. मागच्या हिवाळ्यात तिकडे एक म्हातारी वेळेवर मदत न मिळाल्याने गेली. मी तिच्या अंत्यविधीला गेले, मागच्या बाकावर बसले, आणि तरीही खूण काढली नाही.

आता तिथून जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदीत दोन पट्टे लागतात. पुढचा डावा आणि त्यामागचा. अकरा मिनिटांनी दोन्ही सुटतात.

रविवारी मी तिथे जाते. डावी सीट रिकामी ठेवते, मागचीही. घड्याळ पाहते, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकते आणि कॉर्नर ओलांडते. तीन सेकंद. पलीकडे थांबून परत घड्याळ पाहते. अकरा मिनिटं माझा भाऊ माझ्या शेजारी बसलेला असतो आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. खूप प्रयत्न केला, नाही आठवत. फक्त तोंडाला कोरड पडलेली असते, आणि घसा बसलेला असतो, कुणाशी तरी सारखं बोलत असल्यासारखा.